सी ड्राइव्ह आपोआप भरतोय? डिलीट करण्याआधी हे करा

इंदुरात रामबागेजवळ माझं डीटीपीचं छोटं काम आहे. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका. दिवसभरात निरनिराळ्या लोकांचे दहा-बारा पेनड्राइव्ह माझ्या कॉम्प्युटरला लागतात. दोन वर्षांपूर्वी गणपतीला आठ दिवस असताना एका मंडळाच्या स्मरणिकेची पानं लावत होते आणि कोरलड्रॉ फाइल सेव्ह करेना. डिस्कवर जागा नाही म्हणे. आदल्याच रात्री मी अकरा जीबी जुनं सामान काढून टाकलं होतं. सकाळी सी ड्राइव्हची पट्टी पुन्हा लाल, शिल्लक जवळजवळ शून्य.

मी घाबरून आणखी डिलीट करत सुटले. दुपारपर्यंत तीही जागा भरली. शेवटी कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला. त्यांनी न विचारता पूर्ण डिस्क फॉरमॅट केली, त्यात माझे चार वर्षांचे पत्रिकांचे साचे गेले. घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी मी माझाच जुना पेनड्राइव्ह लावला आणि जागा पुन्हा घटायला लागली.

त्या दुसऱ्या खेपेला शेजारच्या काकूंचा भाचा मदतीला आला. तो तेव्हा एसजीएसआयटीएस या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होता. दोन संध्याकाळ माझ्याजवळ बसून त्यानं मला एक गोष्ट पक्की शिकवली: जागा मोकळी करायच्या आधी ती कोण खातंय ते बघायचं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं आहेत, आणि क्रम बदलू नका. मी विंडोज १० आणि ११ धरून लिहिते आहे.

आधी हे जवळ ठेवा

- एक रिकामी बाहेरची हार्ड डिस्क, तुमच्या कामाच्या फायली मावतील एवढी.
- निदान ८ जीबीचे दोन पेनड्राइव्ह. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे, म्हणून रिकामेच घ्या.
- दुसरा, स्वच्छ असल्याची खात्री असलेला कॉम्प्युटर. घरी नसेल तर नात्यात कुणाचा तरी दोन तास मागून घ्या.
- वही आणि पेन. स्क्रीनचे फोटो काढायला मोबाइल.
- तुमच्या सॉफ्टवेअरचे लायसन्स नंबर आणि मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड.
- बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की. हे लोक विसरतात. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला पत्ताच नसतो. मधेच कॉम्प्युटरनं ती की मागितली आणि तुमच्याकडे नसली तर काम तिथंच अडतं. मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन केलंत की तुमच्या उपकरणांच्या यादीखाली ती सापडते. ती कागदावर उतरवून घ्या, त्याच कॉम्प्युटरवर सेव्ह करू नका.

## १. हा खरंच व्हायरस आहे का, ते ठरवा

दर दहा लोकांतले बरेच जण माझ्याकडे "ताई, व्हायरस आला" म्हणत येतात आणि तो नसतो. म्हणून आधी घरची मंडळी, म्हणजे जागा घेणाऱ्या नेहमीच्या निरुपद्रवी गोष्टी, तपासा.

नवा ५१२ जीबीचा एसएसडी कॉम्प्युटरमध्ये ४७६ जीबी दिसतो. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. जागा कुठे गेलेली नाही, फक्त माप वेगळं आहे.

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर उरतं, ते सहज पंधरा-वीस जीबीचं असू शकतं. साधारण दहा दिवसांनी विंडोज ते स्वतः काढतं. 'हायबरफिल डॉट सिस' ही लपवलेली फाइल हायबरनेटसाठी असते आणि रॅमच्या सुमारे ४० टक्के जागा घेते, म्हणजे ८ जीबी रॅम असेल तर सव्वातीन जीबीच्या आसपास. 'पेजफाइल डॉट सिस' हीसुद्धा विंडोजचीच. सिस्टिम रिस्टोअरचे पॉइंट, व्हॉट्सॲपच्या डेस्कटॉप आवृत्तीतले व्हिडिओ, न रिकामा केलेला रिसायकल बिन, ही सगळी घरचीच मंडळी.

छपाईवाल्यांनी एक जागा जास्तीची बघावी. प्रिंटरकडे पाठवलेली आणि अडकलेली मोठी कामं विंडोजच्या 'सिस्टिम ३२' मधल्या 'स्पूल' फोल्डरात, 'प्रिंटर्स' नावाच्या फोल्डरात साठून राहतात. एका पोस्टरची अडकलेली फाइल दोन-तीन जीबीची असू शकते. तसंच विंडोज ७ वर एक जुना दोष होता. सिस्टिमची एक लॉग फाइल २ जीबीपेक्षा मोठी झाली की तिला दाबून लहान करण्याचा प्रयत्न दर वेळी फसायचा, आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची अर्धवट फाइल 'टेम्प'मध्ये पडून राहायची. डिस्क भरून जायची आणि व्हायरस मात्र एकही नसायचा. अजून विंडोज ७ चालवणारे छापखाने मला माहीत आहेत, त्यांनी हे आधी बघावं.

आता संशयाच्या खुणा. काहीही उघडं नसताना आणि इंटरनेट बंद असताना जागा घटते. टास्क मॅनेजर उघडताच बंद होतो. अँटिव्हायरस स्वतःहून बंद झालेला दिसतो, किंवा अँटिव्हायरस कंपन्यांची संकेतस्थळंच उघडत नाहीत. लपवलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय तुम्ही चालू करता आणि तो आपोआप परत बंद होतो. प्रत्येक फोल्डरात त्याच नावाचं आणखी एक 'फोल्डर' दिसतं.

खात्री करायला वहीची परीक्षा घ्या. सगळे प्रोग्रॅम बंद करा, इंटरनेट तोडा. सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि फ्री स्पेससमोरचा बाइटमधला पूर्ण आकडा वेळेसह लिहा. दर पंधरा मिनिटांनी, तासभर. निरोगी कॉम्प्युटरवर आकडा थोडा वरखाली होतो. माझ्याकडे तो दर खेपेला खालीच गेला, तासाभरात जवळजवळ दीड जीबी. अंदाजावर भांडण्यापेक्षा हा कागद बरा, दुरुस्तीवाल्याला दाखवायलाही उपयोगी पडतो.

## २. त्याला एकटं पाडा

लॅनची तार काढा, वायफाय बंद करा. सगळे पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरच्या डिस्क काढा. घरात किंवा ऑफिसात शेअर केलेलं फोल्डर असेल तर तो दुसरा कॉम्प्युटरही नेटवर्कमधून बाहेर काढा, कारण या जातीचे वर्म, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत पसरणारे व्हायरस, शेअर फोल्डरातूनही पसरतात.

बॅकअपची डिस्क अजून लावू नका. इथंच मी चुकले होते. घाईघाईनं 'आधी फायली तर वाचवू' म्हणून डिस्क लावली आणि तिच्यावरही तेच बसलं.

आणि या कॉम्प्युटरवरून बँकेचं काही करू नका. जागा खाणारा प्रोग्रॅम पासवर्डही चोरत नसेल कशावरून?

## ३. कॉम्प्युटरला हालचाल करण्यापुरती जागा द्या

सी ड्राइव्ह काठोकाठ भरला की विंडोजला नीट लॉगिनही करता येत नाही, अँटिव्हायरसला नव्या व्याख्या (व्हायरस ओळखायच्या याद्या) उतरवता येत नाहीत. म्हणून चार-पाच जीबी एवढीच जागा मोकळी करा. रिसायकल बिन रिकामा करण्याआधी आत एकदा डोकावा. डाउनलोड्समधल्या, तुम्हाला नक्की ओळखता येणाऱ्या इन्स्टॉलर फायली काढा.

हायबरनेट बंद केलं तर लगेच तीन-चार जीबी मिळतात. स्टार्टमध्ये 'सीएमडी' लिहा, कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' घ्या. त्यात इंग्रजीत 'पॉवरसीएफजी' (powercfg) हा शब्द सलग, मग स्पेस, स्लॅश आणि एच, मग स्पेस, ऑफ, असं टाइप करून एंटर करा. पुढे परत हवं असेल तर तीच ओळ शेवटी 'ऑन' लिहून द्यायची.

विंडोजची स्वतःची साफसफाई सेटिंग्जमध्ये सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथं आहे. त्या यादीत 'डाउनलोड्स' हेही नाव असतं. त्याच्यासमोर खूण आहे का ते बघूनच पुढे जा. ग्राहकांनी मेलवर पाठवलेल्या फायली आपण सगळेच तिथं ठेवतो.

या पायरीवर 'एका क्लिकमध्ये पीसी साफ' म्हणणारं काहीही उतरवू नका. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारे क्लीनरही नकोत. रजिस्ट्री साफ करून जागा मिळत नाही, उलट चांगला चालणारा प्रोग्रॅम बंद पडू शकतो.

## ४. खाणाऱ्याचा माग काढा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर विझट्री, ट्रीसाइझ फ्री किंवा विनडरस्टॅट यांपैकी एक उतरवा. बनवणाऱ्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा, शोधात वर आलेल्या जाहिरातीच्या दुव्यावरून नको. रिकाम्या पेनड्राइव्हवर घालून आजारी कॉम्प्युटरवर आणा. तो पेनड्राइव्ह आता संसर्ग झालेला समजा, त्याला लाल टेप लावा आणि नवव्या पायरीपर्यंत दुसऱ्या कशातही घालू नका.

प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, नाहीतर बरीच फोल्डरं त्याला बघताच येत नाहीत आणि बेरीज जुळत नाही. विझट्री डिस्कची मुख्य सूची थेट वाचतं, त्यामुळे ते मिनिटभरात उत्तर देतं. विनडरस्टॅट हळू आहे, पण फायलींचा रंगीत नकाशा दाखवतं. ज्याला कॉम्प्युटरचं फार कळत नाही त्याला तो नकाशा पटकन समजतो. माझ्या नकाशात एकाच रंगाचे, एकाच आकाराचे हजारो बारीक चौकोन भरले होते.

त्याआधी फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू पर्यायांत जाऊन दोन गोष्टी करा. फायलींची एक्सटेन्शन (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं) दिसू द्या, आणि लपवलेल्या फायलीही. मग ते जास्तीचं 'फोल्डर' उघडं पडतं: चित्र फोल्डरचं, पण नावाच्या शेवटी 'डॉट ईएक्सई'. म्हणजे तो प्रोग्रॅम आहे. तुम्ही फोल्डर उघडायला डबल क्लिक करता आणि तो चालू होतो. ब्रॉन्टॉक नावाचा वर्म याच युक्तीनं पसरला होता, आणि आपल्याकडच्या सायबर कॅफेंत 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई' एका काळी घरोघरच्या पेनड्राइव्हवर पोचला होता. ओळखायची सोपी खूण अशी की या सगळ्या फायलींचा आकार बाइटपर्यंत सारखा असतो. खऱ्या कामाच्या दोन फायली अशा नसतात.

बाकी प्रकार थोडक्यात. काही प्रोग्रॅम इतर नको ते प्रोग्रॅम उतरवत राहतात. हेरगिरी करणारे तुमच्या स्क्रीनची चित्रं आणि टाइप केलेली अक्षरं साठवतात, आणि इंटरनेट बंद असलं की ती पाठवता न आल्यानं साठत जातात. सॅलिटी आणि रॅमनिट यांसारखे जुने व्हायरस दुसऱ्या प्रोग्रॅमच्या फायलींत स्वतःला चिकटवतात आणि त्या फुगतात. रॅमनिट तर एचटीएमएल फायलीही सोडत नाही. रॅन्समवेअर फायली कुलूपबंद करतं आणि उघडायला खंडणी मागतं. त्यातले काही आधी कुलूपबंद प्रत लिहितात आणि मग मूळ पुसतात, म्हणून मधल्या काळात जागा झपाट्यानं जाते. फायलींच्या नावांमागे अचानक अनोळखी एक्सटेन्शन लागलेली दिसली तर कॉम्प्युटर तिथंच बंद करा आणि थेट सातवी पायरी वाचा.

झिप बॉम्ब हा आणखी एक प्रकार, दाबून लहान केलेली आणि उघडल्यावर प्रचंड फुगणारी फाइल. '४२ डॉट झिप' ही प्रसिद्ध फाइल फक्त ४२ केबीची आहे आणि आतली सगळी थरं उघडली तर ४.५ पेटाबाइट होतात, म्हणजे १ टीबीच्या साडेचार हजार डिस्क. नुसती पडून असेल तर ती काही करत नाही. अनोळखी झिप फाइल उघडण्याआधी आतल्या फायलींचा आकार बघायची सवय लावा.

आता सध्या कोण लिहितंय ते बघा. स्टार्टमध्ये 'रेसमॉन' लिहिलं की रिसोर्स मॉनिटर उघडतो. डिस्कच्या टॅबमध्ये 'राइट' या रकान्यावर क्लिक करा, सगळ्यात जास्त लिहिणारा वर येतो, आणि खाली तो कोणत्या फाइलमध्ये लिहितोय तेही दिसतं. नाव आणि फाइलचा पूर्ण पत्ता वहीत उतरवा, फोटो काढा. नावावर जाऊ नका. 'एसव्हीसीहोस्ट' हे विंडोजचंच नाव आहे, पण खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टिम ३२ किंवा 'सिसवाऊ ६४' या फोल्डरात राहतो. तेच नाव ॲपडेटा किंवा टेम्पमध्ये दिसलं तर तो दुसराच कुणी आहे.

अजूनही हातानं डिलीट करू नका. चालू असलेला वर्म पुसलेल्या प्रती पुन्हा तयार करतो. माझे अकरा जीबी असेच गेले होते.

## ५. कामाच्या फायली बाहेर काढा

विंडोज चालू ठेवून कॉपी करू नका. स्वच्छ कॉम्प्युटरवर दुसऱ्या रिकाम्या पेनड्राइव्हवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट चढवून घ्या आणि आजारी कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा. 'इन्स्टॉल न करता वापरून बघा' हा पर्याय निवडायचा. 'इन्स्टॉल'वर चुकूनही हात जाऊ देऊ नका, डिस्क पुसली जाईल. लिनक्समध्ये विंडोजचा वर्म नुसता पडून राहतो, चालत नाही. आता बॅकअपची डिस्क लावा.

विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, म्हणजे ते पूर्ण बंद होतं. बिटलॉकर असेल तर इथं ती ४८ अंकी की लागेल.

काय घ्यायचं: कोरलड्रॉच्या फायली, फोटो, पीडीएफ, वर्ड-एक्सेल, टॅलीचा डेटा, फॉन्टच्या फायली. काय सोडायचं: ईएक्सई, एससीआर, बॅट, व्हीबीएस, जेएस आणि शॉर्टकटच्या एलएनके फायली, सगळे इन्स्टॉलर, आणि शक्य असेल तर एचटीएमएलसुद्धा. 'पूर्ण डी ड्राइव्हच उचलून टाकू' हा मोह आवरा. त्यात तोही उचलला जातो.

कॉपी झाल्यावर स्वच्छ कॉम्प्युटरवर डिस्क आधी स्कॅन करा, मग चार-पाच फायली उघडून बघा. न उघडलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

## ६. साफसफाई

आता विंडोज सुरू करा. डिफेंडर या विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या व्याख्या ताज्या हव्यात, म्हणून तेवढ्यापुरतं इंटरनेट जोडा, अपडेट घ्या, पुन्हा तोडा. मग विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, तिथं स्कॅन ऑप्शन्स, आणि त्यातला ऑफलाइन स्कॅन निवडा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज उठायच्या आत तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं. वर्म जागा व्हायच्या आधीच पकडला जातो, हाच त्याचा फायदा.

त्यानंतर दुसरं मत घ्या. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर फुकट आहे, पण उतरवल्यापासून दहा दिवसच चालतो, म्हणून जुना पडलेला वापरू नका. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्तीही चालते. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं २०१७ साली सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. त्याच्या संकेतस्थळावर साफसफाईची फुकट साधनं मिळतात, त्यात पुण्याच्या काटकर बंधूंच्या क्विक हीलचंही आहे. एका वेळी एकच पूर्णवेळ अँटिव्हायरस ठेवा. दोन ठेवले की ते एकमेकांच्या फायली अडवत बसतात आणि कॉम्प्युटर रांगायला लागतो.

अँटिव्हायरस उघडत नसेल तर सेफ मोडमध्ये जा. शिफ्ट धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि शेवटी ४ हा आकडा.

पकडल्यावर त्याची परत येण्याची वाट बंद करायची. टास्क मॅनेजरमधला स्टार्टअप आणि टास्क शेड्युलर दोन्ही बघा. शेड्युलर लोक विसरतात. मायक्रोसॉफ्टचंच 'ऑटोरन्स' हे साधन सगळ्या वाटा एका यादीत दाखवतं. त्यात ओळखू न येणारी ओळ लगेच पुसू नका, आधी नुसती खूण काढा आणि रीस्टार्ट करून बघा.

मग पुन्हा वहीची परीक्षा, तासभर. आकडा स्थिर राहिला, तरच मोकळी जागा खरी.

## ७. फॉरमॅट कधी करावं

सॅलिटी किंवा रॅमनिट सापडला, रॅन्समवेअर आलं, किंवा दोन वेगळ्या स्कॅननंतरही जागा घटत राहिली, तर साफसफाईवर विश्वास ठेवू नका. विंडोज नव्यानं चढवा. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं स्वच्छ कॉम्प्युटरवर ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार होतो. फक्त सी पुसून डी तसाच ठेवणं ही अर्धी साफसफाई आहे. डीवरच्या एखाद्या 'फोल्डरा'वर डबल क्लिक झालं की सगळं पुन्हा सुरू. मूळ विंडोज असेल तर लायसन्स सहसा आपोआप परत मिळतं. आणि चढवतच आहात तर विंडोज ११ चढतंय का बघा, विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

रॅन्समवेअर असेल तर कुलूपबंद फायली पुसू नका, वेगळ्या डिस्कवर ठेवा. 'नो मोअर रॅन्सम' हा युरोपोल (युरोपीय संघाची पोलीस संस्था), डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ साली सुरू केलेला उपक्रम आहे. तिथं काही जातींची कुलपं उघडणारी साधनं फुकट मिळतात. आज तुमच्या जातीचं नसलं तर सहा महिन्यांनी असू शकतं. स्टॉप किंवा डीजेव्हीयू ही जात 'रीडमी' नावाची चिठ्ठी ठेवून हजाराच्या आसपास डॉलर मागते, ७२ तासांत दिले तर निम्मे. घाई लावण्यासाठीच ती सवलत आहे. पैसे दिले म्हणून फायली मिळतीलच असं नाही.

## ८. दुरुस्तीला देताना

इंदुरात आरएनटी मार्गावर किंवा घराजवळच्या दुकानात, कुठेही द्या. चांगली माणसं भरपूर आहेत. पण तोंडी बोलून देऊ नका. पावतीवर चार ओळी लिहून घ्या: डेटा वाचवल्याशिवाय आणि फोनवर विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही. कोणत्या फोल्डरात काय आहे. जुनी डिस्क बदलली तर ती परत हवी. चोरीचं विंडोज किंवा क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर घालायचं नाही. मी यातलं काहीच लिहून घेतलं नव्हतं, म्हणून मला बोलायला जागाच उरली नाही.

शेवटची अट नीट समजून घ्या. क्रॅक चालवताना 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं सांगितलं जातं. डीजेव्हीयूसारखी रॅन्समवेअर मुख्यतः याच वाटेनं घरात येतात. आमच्या धंद्यात क्रॅकवर काम करणारे कमी नाहीत, आणि पूर्ण सॉफ्टवेअर महाग आहे हे मला रोज टोचतं. ज्यांना परवडत नाही त्यांनी इंकस्केप (चित्रकामाला), स्क्रायबस (पानं लावायला), लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलच्या कामाला) शिकून घ्यावं. ती फुकट आहेत, आणि युनिकोड मराठीत काम करता येतं.

## ९. पेनड्राइव्ह: तो इथूनच परत येतो

कॉम्प्युटर साफ झाला तरी घरातला प्रत्येक पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, फोनचं कार्ड तपासल्याशिवाय काम संपलेलं नाही. सगळे एका डब्यात गोळा करा. मुलांच्या दप्तरातले, सासऱ्यांच्या भजनांचा, गाडीतला गाण्यांचासुद्धा. आमच्याकडे गाडीतल्यातच निघाला.

पेनड्राइव्ह लावताच आपोआप प्रोग्रॅम चालू होण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं २०११ साली जुन्या विंडोजवरही अपडेटनं बंद केली. त्यानंतर शॉर्टकटची युक्ती आली. व्हायरस तुमच्या खऱ्या फायली लपवतो आणि त्याच नावांचे शॉर्टकट समोर ठेवतो. तुम्ही शॉर्टकट उघडलात की फाइलही उघडते आणि मागे तोही चालू होतो. फाइल उघडली म्हणून कुणाला संशय येत नाही.

म्हणून पेनड्राइव्ह लावल्यावर आधी राइट क्लिक करून स्कॅन. व्हायरस काढून टाकल्यावरही खऱ्या फायली अजून लपलेल्याच असतात, आणि इथं लोक 'डेटा उडाला' समजून पेनड्राइव्ह फॉरमॅट करतात. थांबा. प्रॉपर्टीजमध्ये वापरलेली जागा बघा. ती भरलेली दिसत असेल तर फायली आत आहेत.

त्या अशा काढायच्या. कमांड प्रॉम्प्ट उघडा. पेनड्राइव्हचं अक्षर ई असेल तर ई आणि कोलन लिहून एंटर करा. मग एका ओळीत, प्रत्येक तुकड्यानंतर एक स्पेस देऊन: 'ॲट्रिब' (स्पेलिंग ए, टी, टी, आर, आय, बी), वजाचं चिन्ह आणि एस, वजा आणि एच, वजा आणि आर, मग चांदणी-टिंब-चांदणी सलग, मग स्लॅश एस, शेवटी स्लॅश डी. एंटर. फायली परत दिसायला लागतात. ही ओळ सी ड्राइव्हवर देऊ नका, तिथल्या कित्येक फायली विंडोजनं मुद्दाम लपवलेल्या आहेत. फायली बाहेर काढल्या की पेनड्राइव्ह फॉरमॅट करा.

जेल रोडवर किंवा ऑनलाइन कुणी पाचशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह देत असेल तर घेऊ नका. आत ३२ जीबीच असतात, आकडा खोटा दाखवलेला असतो, आणि खरी जागा संपल्यावर पुढच्या फायली बिघडतात. त्यालाही लोक व्हायरसच समजतात. 'एच टू टेस्ट डब्ल्यू' या फुकट प्रोग्रॅमनं खरी जागा कळते.

## १०. नंतरच्या दोन दिवसांत

पासवर्ड बदला, स्वच्छ कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून. आधी मेलचा, मग बँकेचा, मग बाकीचे. मेल पहिला, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड त्याच्यावरूनच बदलता येतात.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम मधेच अडवण्याची शक्यता जास्त. खंडणीची मागणी आली असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. वहीतले आकडे आणि स्क्रीनचे फोटो इथं पुरावा म्हणून लागतात. स्क्रीनवर 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं झळकलं तर तो नंबर लावू नका. मायक्रोसॉफ्ट असा नंबर कधीच दाखवत नाही.

माझ्याकडे आता ग्राहकांचे पेनड्राइव्ह लावायला वेगळा जुना लॅपटॉप आहे. त्यावर लिनक्स मिंट आहे आणि त्याला इंटरनेट नाही. त्यावर हव्या त्या फायली बाहेर काढते, एका ठरलेल्या पेनड्राइव्हनं कामाच्या कॉम्प्युटरवर आणते, तिथं स्कॅन करून मगच उघडते. ग्राहकाला दोन मिनिटं जास्त बसावं लागतं. बॅकअपच्या दोन डिस्क आहेत, एक इथं आणि एक सुदामा नगरात बहिणीकडे, आणि त्या दर पंधरवड्याला अदलाबदल होतात. ती वही टेबलाच्या खणात आहे. महिन्याच्या एक तारखेला सी ड्राइव्हचा आकडा तिच्यात लिहिते.